डावीकडे ओढणारा जपानी

बडनेरा,
१५ जानेवारी १९६३

चिंतामणराव, जयभीम.

तुमचा तीळगूळ पोचला, पत्र्याचं बदकही पोचलं. तीळगूळ घरच्यांनी संपवला. बदकाचं परीक्षण मागाहून लिहितो, आज त्याला वेळ नाही. आज माझ्या घरी जपानी पाहुणा आहे.

माझा भाचा मुंबईच्या गोदीत कामाला आहे हे तुम्हाला ठाऊक. त्याच्या ओळखीच्या एका खलाशाकडून त्यानं माझ्यासाठी एक जपानी बनावटीचं खेळणं मिळवलं. दिसायला वीतभर तांबडी मोटार. चावी द्यायची, फरशीवर सोडायची, शहाण्यासारखी पळते. भिंतीला नाक लागलं की थांबते, पोटात कर्रकर्र होतं, आणि चिंतामणराव, ती मोटार उभी राहते हो! पुढचं टोपण छाती होतं, मागची दोन चाकं पाय होतात, टपातून मुंडी वर येते. मोटारीचा माणूस! तो चालतो, जरा वेळानं दमतो, खाली बसतो आणि पुन्हा मोटार होतो. मी अठ्ठावन्न वर्षांचा बुढा फरशीवर पालथा पडून गाल टेकून पाहत होतो. पार्बता चुलीजवळून ओरडली, "मैना, पाह्य वं, तुहा बाप जित्ता हाय का?"

परवा डबा पोचवणाऱ्या गार्डानं विचारलं, "देवमनबुवा, या वकीलसाहेबांशी तुमची सोयरीक कशी?" मी सांगितलं, रिद्धपूरच्या यात्रेत एकाच बदकावर आम्ही दोघांनी हात ठेवला. ते म्हणाले नातवासाठी पाहिजे, मीही म्हणालो नातवासाठी. त्यांचं लग्नच झालेलं नाही, आणि माझी मैना तेव्हा मॅट्रिकला होती. दोन खोटारड्यांना एकमेकांना ओळखायला वेळ लागत नाही.

आता परीक्षण, आपल्या रिवाजाप्रमाणे. आधी तीन दोष, मग गुण, आणि गुण महिनाभर वापरल्याशिवाय नाहीत. रिवाज माझा आहे हे मी कबूल करतो. बडनेऱ्याला गाडी थांबली की हातोडीनं चाकं ठोकत फिरण्यात माझी सारी नोकरी सरली. टणकन वाजलं तर गाडी जाऊ द्यायची, बद्द वाजलं तर थांबवायची. चाकांचं कौतुक करायला रेल्वे पगार देत नव्हती.

पहिला दोष, पायांचा रंग कच्चा. दुसरा, मुंडी वर येताना हिसका देते, उचकी लागल्यासारखी. तिसरा, माणूस झाला की डावीकडे ओढतो. सरळ सोडला तर सरळ जात नाही. गार्डाच्या हाती पाठवतो आहे. महिनाभर ठेवा, गुण तुम्ही शोधा.

एक घरची बातमी. मैनेसाठी तुमच्या अकोल्याचं स्थळ आहे. मुलगा धर्मपाल, बांधकाम खात्यात नकाशे काढतो. वडील नाहीत, आई सुंदराबाई. मैना शिकवते त्या शाळेची नवी खोली मोजायला हा मुलगा आला होता. भिंत एकच, पण मोजायला फिरफिरून येत राहिला, तेव्हाच हेडमास्तरीणबाईंना वास आला. मैनेनं आईला साफ सांगितलं, मले हाच पाहिजे. पोरगी स्वतः कमावते, स्वतः बोलते. आमच्याकडे आता फक्त चहा करायचं काम उरलं आहे. पुढच्या महिन्यात आई-मुलगा पाहायला येतील. मी अजून मुलगा पाहिलेला नाही. पार्बतेचा हुकूम आहे की त्या दिवशी सगळी खेळणी पेटीत, पेटी खाटेखाली, आणि माझं तोंडही शक्य तर तिथंच.

तुमचा
देवमन

*

अकोला,
३ फेब्रुवारी १९६३

प्रिय देवमनराव,

सप्रेम नमस्कार, आणि उत्तरादाखल जयभीम.

तुमचा जपानी मोठ्या थाटात आला. पहिले काही दिवस मी कोर्टात गेलोच नाही. कोर्टाला ते कळलं नाही. माझी वकिली अशी आहे की मी गेलो तरी कोणाला कळत नाही.

तुमचे पहिले दोन दोष मान्य. तिसऱ्याबद्दल मला उलटतपासणी करायची आहे. डावीकडे ओढणं हा दोष कसा? आमच्या माजघरात खांब आहे, शिवणयंत्र आहे, ताईचा पाट आहे. तिथं सरळ जाणाऱ्याचंच कपाळ फुटेल. पण हे राहू द्या. त्याआधी एक वाईट बातमी द्यायची आहे, आणि ती मी वकिलासारखी देणार नाही.

जपानी अडकला आहे. अर्धा. मुंडी बाहेर आली, छाती उघडली, कमरेखाली मात्र मोटारच राहिली. ना धड वाहन, ना धड माणूस, माझ्यासारखाच. कारण गंज आहे, आणि गंजाचं कारण पाणी आहे. मी त्याला रोज रात्री देवघराच्या कोनाड्यात ठेवत होतो. पहिल्याच सकाळी गोदाताईनं पाहिला. "हे कुठून आलं?" म्हणाली. मी सांगितलं, बडनेऱ्याहून, देवमनरावांकडून. तिनं पळीभर पाणी घेतलं आणि त्याच्यावर शिंपडलं. रोज शिंपडत होती, हे मला तो अडकल्यावर कळलं.

पाणी कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. मला लाज वाटते. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, सोळाव्या वर्षी विधवा होऊन या घरात परत आलेली. तिच्याशी भांडताना माझी जीभ अडखळते. पण ओलावा होता, हवा दमट होती, असं तुम्हाला लिहिलं असतं तर पुढचं पत्र लिहायला मला तोंड राहिलं नसतं.

जपानी गार्डाच्या हाती परत पाठवतो आहे. दुरुस्त होतो का पाहा. मैनेला आशीर्वाद. मुलाची चौकशी करू का? बांधकाम खात्यात माझा एक पक्षकार आहे. खटला हरल्यावरही तो माझ्याशी बोलतो.

तुमचा
चिंतामण

*

बडनेरा,
९ फेब्रुवारी १९६३

चिंतामणराव, जयभीम.

ताईंना माझा निरोप द्या. म्हणावं, आम्ही छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच तुमच्या पाण्याच्या पलीकडे गेलो. आणि हा जपानी तर जन्मापासूनच बौद्ध आहे. त्याला पाणी लागू होत नाही, गंज तेवढा लागू होतो. शिंपडायचंच असेल तर तेल शिंपडत जा. पुण्य तितकंच आणि सांधेही मोकळे.

हे मी हसत लिहितो आहे, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो नव्हतो. पार्बतेला वाचून दाखवलं नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून हसू आलं, नाहीतर आलं नसतं. बस, हा विषय संपला. पेनाच्या एका ठिपक्याएवढाही माझा राग तुमच्यावर नाही.

जपान्याला मी रॉकेलमध्ये भिजवलं, फुंकलं, टिचक्या मारल्या. चावी पूर्ण भरली तरी हलत नाही. भरलेल्या चावीनं तसाच पेटीत ठेवला आहे.

चौकशी करू नका. मैना म्हणते, "बाबा, मी चौकशी करूनच सांगितलं." पाहुणे पुढच्या रविवारी येतात. पार्बतेनं घर सारवलं, मला नवं धोतर दिलं आणि बजावलं, "तोंड उघडाचं नाई. चहा घ्या म्हनाचं, पोहे घ्या म्हनाचं, अन् बसाचं." एवढं जमेल असं वाटतं.

देवमन

*

बडनेरा,
१८ फेब्रुवारी १९६३

ती. चिंतामणकाका यांस मैनेचा जयभीम.

बाबा पत्र लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. काल काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, कारण आता तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला दिसत नाही.

धर्मपाल आणि त्यांच्या आई आल्या. सुरुवात नेहमीचीच. सुंदराबाईंनी मला वाचायला लावलं, मी वाचलं. चालून दाखव म्हणाल्या, मी चालले. मला ते आवडलं नाही, पण गप्प राहिले. बाबांनी चहा घ्या म्हटलं, पोहे घ्या म्हटलं. आई खूश होती.

तेवढ्यात खाटेखालच्या पेटीतून कर्रकर्र आवाज आला. सुंदराबाई पाय वर घेऊन म्हणाल्या, "पेटीत उंदीर पायता का जी?" आई म्हणाली, "नाई वं बाई, ते आपलं..." आणि पोह्यांची बशी पुढं केली. धर्मपाल उठले, खाटेजवळ गेले, पेटी ओढली. आत तुमच्याकडे अडकलेला तो जपानी आपोआप सुटून उभा राहिला होता, बदकाच्या पाठीवर.

मग आईचा हुकूम कोण ऐकतो! बाबा फरशीवर, धर्मपाल फरशीवर. दोघं हसताहेत, मोटार पळते आहे, उभी राहते आहे. मला वाटलं, जमलं. धर्मपालनी विचारलं, "काका, तुम्ही खेळण्याची परीक्षा कशी करता?" बाबांनी रिवाज सांगितला. तीन दोष आधी. धर्मपाल गमतीनं म्हणाले, "मंग माही करा."

आणि काका, बाबांनी केली.

"पहिला दोष," म्हणाले, "प्रश्न पुरा व्हायच्या आधी मान डोलावतोस. दुसरा, चहा झाला की कप आईच्या हातात देतोस, उठून ठेवत नाहीस." इथपर्यंत सगळे हसत होते. सुंदराबाईसुद्धा हसल्या. मग बाबा म्हणाले, "तिसरा, आता खाटेपासून पेटीपर्यंत गेलास तेव्हा पाहिलं. डावीकडे ओढतोस."

सुंदराबाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला, पायात चप्पल घातली. "चाल, धर्मा," एवढंच म्हणाल्या. बाबा मागून "गुण राहिले, गुण राहिले" म्हणत स्टेशनपर्यंत गेले. गाडी निघून गेली होती.

काका, धर्मपालना लहानपणी ताप आला होता, त्यात डावा पाय बारीक राहिला. चालताना थोडं जाणवतं. मला ठाऊक होतं. मी घरी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं माझ्या मनातच कधी आलं नाही. शाळेची खोली मोजताना ते माझ्यासोबत आवारात फिरत होते, तेव्हा मी माझी चाल कधी हळू केली तेही मला कळलं नव्हतं.

मला हाच मुलगा हवा आहे. बाबांवर मी रागावले आहे, बोलत नाही. पण त्यांनी मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. सुंदराबाईंना ते कोण सांगणार?

तुमची
मैना

*

अकोला,
२७ फेब्रुवारी १९६३

देवमनराव,

नमस्कार वगैरे पुढच्या वेळी. तुम्ही गाढव आहात. चाळीस वर्षं वकिली करून मी जेवढे खटले बिघडवले नसतील तेवढं तुम्ही चहाच्या एका कपात बिघडवलंत.

मैनेचं पत्र आलं तसा मी सुंदराबाईंकडे गेलो. त्या दारात आल्या, मला पाहिलं, बडनेऱ्याचं नाव ऐकलं आणि दार लावलं. धर्मपाल मागच्या दारानं आला आणि मला चौकापर्यंत पोचवायला निघाला. चांगला मुलगा आहे हो. मी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला, तो पुरा व्हायच्या आधी त्यानं मान डोलावली, आणि माझं हसू आवरेना. तोही हसला. मग म्हणाला ते जसं आठवतं तसं लिहितो.

"काका, याच्याआधी माझ्यासाठी स्थळं आली होती. प्रत्येकानं पाय पाहिला आणि प्रत्येकानं नाही म्हणताना कारण वेगळंच सांगितलं. कोणाला पत्रिका आठवली. पत्रिका! आमच्यात आता कोण पाहतं? कोणाला घर लहान वाटलं. आई घरी येऊन रडायची आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचो. मैनाबाईंचे वडील पहिले, ज्यांनी तोंडावर सांगितलं. मला राग आला नाही. पण आईला तो पाय म्हणजे तिचीच चूक वाटते. तिनं मला तापात दवाखान्यात उशिरा नेलं, असं तिनं मनात धरून ठेवलं आहे. तिच्यासमोर त्या पायाचं नाव कोणी घेत नाही."

मी म्हणालो, "मग आता?" तर म्हणतो, "मला मैनाबाईंशीच लग्न करायचं आहे. पण आईला दारात उभी ठेवून नाही. आणि काका, त्यांच्या रिवाजात दोषांनंतर गुण असतात ना? माझं परीक्षण अर्धंच राहिलं आहे, त्या जपान्यासारखं."

हे पोरगं तुम्ही हातचं घालवलं तर मी पत्रव्यवहार बंद करीन, आणि मागं तुम्हाला दिलेल्या चावीच्या माकडाच्या हातचे दोन्ही डमरू परत मागीन.

चिंतामण

*

बडनेरा,
२ मार्च १९६३

चिंतामणराव,

गाढव म्हणालात ते कमी पडलं.

मला ठाऊक नव्हतं, असं मी सुंदराबाईंना सांगणार नाही. ठाऊक नसणं ही काय सबब झाली? चाक ठोकायच्या आधी गाडीत माणसं बसलेली आहेत हे ध्यानात ठेवावं लागतं. मी चाकच ठोकलं. नोकरीत हा धडा मी नव्या पोरांना शिकवत होतो.

मैना माझ्या ताटात भाकर वाढते आणि निघून जाते. पार्बता मात्र बोलते, इतकं बोलते की तिनंही अबोला धरावा असं वाटतं.

मी येत्या रविवारी पॅसेंजरनं अकोल्याला येतो. सुंदराबाईंनी दार उघडलं नाही तर ओट्यावर बसेन. तुम्ही सोबत येऊ नका. वकील सोबत दिसला की माफीची नोटीस होते. मी त्यांना एवढंच म्हणणार आहे, माझी परीक्षा तुम्ही करा. चारचौघांत करा, पाहिजे तसं चालायला लावा, तीन दोष तुमच्या तोंडानं सांगा. जपानीही सोबत आणतो. धर्मपालला तो आवडला होता.

देवमन

*

अकोला,
१० एप्रिल १९६३

(देवमनराव, ही चिठ्ठी सुंदराबाईंनी माझ्याकडे येऊन सांगितली आणि मी जशीच्या तशी उतरवली. एक शब्द बदलू दिला नाही त्यांनी. दोनदा परत वाचून घेतलं. चिंतामण.)

देवमनभाऊ,

तुमच्या वकिलाले मी मनलं, मी सांगतो तसंच लिवा, तुमची शाईची मराठी घुसाडू नका.

त्या रविवारी तुमी आले, माह्या ओट्यावर बसले. मी दार उघडलं नाई. ऊन चढलं तरी तुमी हालले नाई. शेजारची डोमाजीची बायको तुमाले पानी देऊन गेली, म्हने बुढा मरन बाप्पा. मंग मी बाहीर आली अन् तुमाले गल्लीतून चालाले लावलं. या टोकापासून त्या टोकापरेंत. सगयी गल्ली पाहून राहिली होती, पोट्टे हासून राहिले होते. तुमी गेले अन् आले. मी मनलं, पुन्हा. तुमी पुन्हा गेले. तवा माहं मन थोडंसं थंड झालं, खोटं कायले बोलू.

मंग तुमी आयतवार आयतवार येतच राहिले. मी चहा दिला नाई तं धर्मा देत होता. सोताचा कप सोता उचलून ठेवते आता तो. मले दिसते.

आता तुमचे दोष ऐका. तुमच्याच कायद्यानं, तीनच सांगतो, हायेत लय.

पयला. तुमच्या तोंडाले झाकन नाई. हे तुमची बायको त्याच दिवशी चुलीपाशी मले सांगून चुकली, ते बाई साजरी हाय.

दुसरा. तीस वर्सं गाडीखाली पाहून पाहून तुमाले मानसाचे पाय आधी दिसते अन् तोंड मांगून दिसते. धर्माचं तोंड तुमी आधी पाह्यलं असतं तं पाय दिसलाच नसता. तुमच्या पोरीनं तोंड पाह्यलं. पोट्टी शायनी हाय. मी तिले चालाले कावून लावलं, ठाव हाय का? तुमाले वाटलं असन सासूचा ठसका. मले पाहाचं होतं, थे झपाझप चालते का हयू चालते. माह्या लेकराच्या संगं चालाचं हाय तिले जलमभर. थे हयूच चालली. मी तवाच मनात हो मनलं होतं, मंग तुमचं तोंड उघडलं.

तिसरा. मानूस माफी मांगाले येते तं नारय आनते, निदान हात जोडते. तुमी खेयनं घेऊन आले.

गुन मी आज सांगत नाई. गुन सांगाले महिना वापरून पाहा लागते असा तुमचा कायदा हाय न? मंग या महिन्यात धर्माले घेऊन मीच बडनेऱ्याले येतो. बुद्धपौर्णिमेले लगन धरू, हारतुरे अन् वंदना, बाकी खर्चापानी काई नाई. गुन थ्या दिवशी मांडवात सांगीन. सांगीन का नाई थे तुमच्या तोंडावर हाय.

तुमच्या वकिलाच्या ताईनं माह्यासमोर चहाचा कप मंधात ठेवला अन् आत निघून गेली. मी पेली. कप धुऊन ठेवाची माही सवय छप्पन सालीच सुटली, मी तसाच ठेवला. निघतानी पाह्यलं तं थेच धुऊन राहिली होती.

सुंदराबाई

(ता. क. माझ्याकडून. सुंदराबाई गेल्यावर ताईनं मोरीजवळ हात पुसले. मग आत गेली आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. "त्या जपान्याला पाठव," म्हणाली. बाटली गार्डाच्या हाती पाठवतो आहे. झाकण घट्ट लावलं आहे, तुमच्या तोंडाला लावतात तसं. चिंतामण.)

*

बडनेरा,
२२ एप्रिल १९६३

चिंतामणराव, जयभीम.

तुमचा गुडघा धरला म्हणून काल तुम्ही आला नाहीत. गुडघ्याला माफ करा, मी करणार नाही. जे पाहायला हवं होतं ते पाहिलं नाहीत, म्हणून लिहावं लागतं.

सुंदराबाई आणि धर्मपाल सकाळच्या पॅसेंजरनं आले. मैना त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली होती. मी दारातून पाहत होतो. तिघं रस्त्यानं येत होती, मैना मध्ये. कोणाची चाल कुठली हे मला ओळखता आलं नाही. खरंच पाहिलं नाही म्हणा ना. मी या वेळी तोंडं पाहत होतो.

पार्बतेनं पुरणपोळी केली होती. मला ताकीद नव्हती, नुसती तिची नजर होती. मी मुकाट जेवलो. धर्मपालनं आपलं ताट उचललं, आईचं उचललं, मग माझंही उचलायला लागला. मैना म्हणाली, "एवढे गुण दाखवू नका, बाबा लिहून ठेवतात." चिंतामणराव, माझी पोरगी माझ्यासमोर माझ्या नावानं थट्टा करते आहे! दोन महिन्यांनी!

जेवणं झाली आणि सुंदराबाई म्हणाल्या, "आना तो तुमचा पाहुना. पाहू दे मले बी एकदा." मी पार्बतेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आना. आता काय उरलं हाय लपवाले."

जपान्याला मी ताईंचं तेल घातलं होतं. गुडघ्याला, कमरेला, मानेला. त्या तेलानं उचकी पण कमी झाली. एका बाटलीत दुसरा दोष निम्मा झाला, असं ताईंना सांगा. सुंदराबाईंनी स्वतः चावी दिली. इतकी दिली की मी डोळे मिटून घेतले. मोटार सोडली, भिंतीला लागली, कर्रकर्र झालं, माणूस उभा राहिला. सुंदराबाई "अगा माय!" म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरला.

तो चालायला लागला. डावीकडे ओढत. पार्बतेनं माझ्या पाठीला चिमटा घेतला, मी काहीही बोलत नव्हतो तरी. जपानी डावीकडे ओढत ओढत खाटेच्या पायाशेजारून गेला, पेटीला वळसा घातला, चुलीच्या बाजूनं फिरला आणि सुंदराबाईंच्या पायाच्या अंगठ्याला टेकून थांबला. मग खाली बसला, मोटार झाला.

त्या म्हणाल्या, "हा तं माह्यापाशीच वापस आला वं!"

धर्मपाल म्हणाला, "डावीकडे ओढते ना आई, म्हणून. सरळ गेला असता तर दारातून रस्त्यावर गेला असता."

सुंदराबाईंनी त्याच्या पायाकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, उघड. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मंग याले दोष कायले लिवला जी तुमी?"

तुम्ही फेब्रुवारीतच उलटतपासणी मागितली होती, मी तेव्हा ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा चावी दिली. मग पुन्हा. संध्याकाळच्या गाडीपर्यंत जपान्याची चावी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही, आणि जाताना तो त्यांच्या पिशवीत गेला. मी "महिनाभरच" म्हणायला तोंड उघडलं होतं. पार्बतेनं मिटवलं.

तेव्हा तिसरा दोष मी खोडला आहे. पण तीन दोषांशिवाय परीक्षण पुरं होत नाही, आणि रिवाज मोडायला माझं मन घेत नाही. जपानी आता तुमच्या गावात, सुंदराबाईंच्या घरी आहे. गुडघा सुटला की जाऊन एखादा नवा दोष शोधून ठेवा. सुंदराबाईंसमोर सांगू नका. बुद्धपौर्णिमेला मांडवात माझ्या कानात सांगा.

ताईंना सोबत आणा. तेल संपलं आहे.

तुमचा
देवमन